पुंडलिक तांडेलाचा हात

सर्वेश माझ्या कचेरीत आला तेव्हा त्याच्या हातात नोटीस होती आणि पायात बंदरावरच्या चपला. सातव्या मजल्यावरच्या चकचकीत फरशीवर त्याच्या मागे वाळूची रांग उमटली होती. शिपाई ती वाळू बघत होता आणि मला डोळ्यांनीच विचारत होता, हा तुमचाच का? माझाच. माझा धाकटा भाऊ, कोळंबखाडी बंदरातल्या ‘श्री सातेरी’ या मासेमारी लाँचचा तांडेल. आमच्याकडे होडीच्या कप्तानाला तांडेल म्हणतात.

“वाच,” तो म्हणाला.

अकरा मार्चला ‘श्री सातेरी’चं सुकाणू बंदी आलेल्या पुंडलिक भिकाजी मेतर यांच्या हाती होतं, असं यंत्राने नोंदवलं होतं. आपलं कार्ड त्यांना वापरू दिल्याबद्दल सर्वेश पुंडलिक मेतर यांना बारा दोषांक का देऊ नयेत, याचा खुलासा मागितला होता.

पुंडलिक मेतर म्हणजे आमचे बाबा. आणि यंत्र माझं.

“ताई, सुकाणूर मी होतंय गे. बाबा घराकडे होते.”

दोषांकांचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. समुद्रातली मासळी संपत आली तेव्हा सरकारने गाडीच्या चालकांना लावतात तसे तांडेलांना दोषांक लावले. बारीक भोकांचं जाळं वापरलं की दोन. दिवे लावून मासे गोळा केले की चार. मासे अंडी घालतात त्या बंद क्षेत्रात शिरलं की सहा. तीन वर्षांत बारा भरले की सुकाणू कायमचं सुटलं. सुरुवातीला दोषांक होडीवर पडायचे, तर लोक होडीचं नाव बदलायचे. मग ते तांडेलाच्या कार्डावर पडू लागले, तर लोक कार्डं बदलू लागले. एका बंदरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी एका मोसमात अकरा दोषांक कमावले. कायदा करणाऱ्याला एक वाट दिसते, मोडणाऱ्याला सतरा.

तेव्हा मी हातओळख बनवली. लाट होडीला ढकलते आणि तांडेल सुकाणू फिरवून तिला उत्तर देतो. हे उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणी लाट पोचायच्या आधीच अंदाजाने चाक वळवतो, कोणी पोचल्यावर. कोणी दोनदा थोडं थोडं, कोणी एकदाच भरपूर. सुकाणूचा कोन सेकंदाला पन्नास वेळा मोजायचा, होडीचं हेलकावणं मोजायचं, आणि त्यातून वारा, लाट, इंजिन, होडीचं वजन, सगळं गणिताने वजा करायचं. उरतो तो माणूस, हस्ताक्षरासारखा. जुळणी शंभरात पंच्याऐंशीच्या वर गेली की तोच तो. बंदी आलेल्या हातांशी प्रत्येक फेरी ताडून बघायला मात्र आम्ही यंदाच्या मार्चपासून सुरुवात केली. अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं आणि ते मला फार आवडायचं: माणूस कार्ड बदलू शकतो, हात बदलू शकत नाही.

होडीवर बसवलेल्या या मोजणीच्या डबीला तांडेल चाडीखोर, म्हणजे चहाडखोर, म्हणतात. म्हणोत बापडे. पाच वर्षांत घोळ मासा परत दिसू लागला, जो माझ्या पिढीने फक्त ऐकला होता. त्याचं श्रेय चाडीखोराचं.

पहिल्या वर्षी पकडलेल्या दोनशे तांडेलांत माझे बाबा होते. बंद क्षेत्रात, दोनदा. फाईल कुठेतरी मागे सरकवणं मला कठीण नव्हतं, पण मी सरकवली नाही. घरी गेले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “बरोबर आसा. मीच होतंय.” त्यानंतर आमचं बोलणं उरलं ते जेवणापुरतं. गंमत बघा, रागवायचा हक्क त्यांचा होता आणि रागावून बसले होते मी.

“खरा सांग, सर्वेश,” मी दार लावून घेतलं. “बाबाच होते मां?”

 त्याने नोटीस माझ्या हातातून काढून घेतली, घडी घातली आणि पाण्याचा पेला न शिवता निघून गेला. मी आकडा उघडून बघितला. जुळणी त्र्याण्णव. त्र्याण्णव आल्यावर मी आजवर कोणाचंही ऐकलेलं नव्हतं.

तरी शनिवारी मी कोळंबखाडीला गेले. सकाळी नऊची भरती होती. सर्वेशला म्हटलं, लाँच खाडीच्या तोंडाबाहेर ने आणि परत आण. मी धक्क्यावर मांडीत संगणक घेऊन बसले. शेजारी बाबा जाळ्याची फाटलेली बाजू शिवत होते. बंदीनंतरच्या वर्षांत केस पांढरेशुभ्र झाले होते त्यांचे. मला बघून त्यांनी थोडं सरकून जागा केली, इतकंच.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. त्याच्यावर लाटा फुटतात आणि आमच्या बंदरातली निम्मी श्राद्धं त्या जागेमुळे आहेत. ‘सातेरी’ तिथे पोचली, जरा थांबल्यासारखी झाली, आणि दोन लाटांच्या मधून अशी गेली की जणू कोणी दार उघडून धरलं होतं. पडद्यावर नाव उमटलं: पुंडलिक भिकाजी मेतर. चौऱ्याण्णव.

मी पडद्याकडे बघितलं, मग शेजारी बघितलं. पुंडलिक भिकाजी मेतर दाताने दोरा तोडत होते.

“काय म्हणता तो चाडीखोर?” त्यांनी विचारलं.

“म्हणता, तुम्ही होडीर आसात.”

ते हसले नाहीत. “मागच्या फेरेक तो खरा बोललो होतो. ह्या बाकी खोटा.”

मी संगणक मिटला. यंत्र चुकलं म्हणून नव्हे, चूक कुठे आहे ते मला त्या क्षणी कळलं म्हणून.

आमच्यात सुकाणू तोंडाने शिकवत नाहीत. शिकणाऱ्याने चाकावर हात ठेवायचा आणि तांडेलाने त्यावर आपला पंजा. असे दोन मोसम. तांडेल बोलत नाही, शिकणारा विचारत नाही. लाट येते, वरचा पंजा हलतो, खालचा हात त्याच्यासोबत हलतो. मग एक दिवस बांधावरून जाताना तांडेल पंजा उचलतो आणि होडी तशीच चालत राहते. त्याला ‘हात दिला’ म्हणतात. सर्वेश पंधरा वर्षांचा असताना धावत घरी आला होता, “बाबांनी माका हात दिलो!” आईने त्या दिवशी शेवयांची खीर केली होती. मी एकोणीस वर्षांची होते. खीर मीही खाल्ली. पण हात देणं म्हणजे काय ते मला कोण सांगणार? मुलीने लाँचवर पाय ठेवायचा नाही. माझा समुद्र धक्क्यावर मासळीच्या टोपलीशी संपायचा.

यंत्राला हातओळख शिकवायला मी चारशे तांडेलांचे नमुने घेतले होते. नमुन्यांत विविधता हवी म्हणून एका घरातून एकच. बाप घेतला की मुलगा नाही, गुरू घेतला की चेला नाही. त्यामुळे दोघांचे हात सारखे निघतात हे यंत्राला कधी दिसलंच नाही. फार हुशारीचं काम केलं होतं मी. धक्क्यावर वाढलेल्या मुलीलाच करता आली असती अशी ती चूक होती. समुद्राच्या इतक्या जवळ वाढल्यामुळे मला वाटायचं, मला सगळं ठाऊक आहे.

दोषांकांच्या लवादाचे अध्यक्ष सुखटणकर म्हणून निवृत्त न्यायाधीश होते. माणूस सरळ. चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुमचा भाऊ वडिलांची नक्कल करत असेल. धक्क्यावरचे साक्षीदार तुमच्या घरचे. मी यावर काय लिहू?”

“हात खरंच असा जातो हे सिद्ध केलं तर?”

“कसं करणार? ज्याला मुळात हातच नाही असा माणूस आणा. त्याचा हात आधी मोजा. मग शिकवा. मग पुन्हा मोजा. सुनावणी मे महिन्याच्या अखेरीस ठेवतो.”

ज्याला हातच नाही असा माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. लवादाच्याच चाचणी-होडीवर माझी मोजणी झाली. जुळणी: कोणाशीही नाही. होडी मी अशी चालवली की सोबतच्या कारकुनाने कठडा सोडला नाही.

बाबांना मासेमारीच्या होडीचं सुकाणू धरायला बंदी होती. पण आमच्या चुलतभावाची पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची होडी होती, तिला ना जाळं ना चाडीखोर. मी सात आठवड्यांची रजा टाकली. पहिल्या सकाळी चाकावर हात ठेवून उभी राहिले आणि बाबा मागे उभे. बराच वेळ काहीच झालं नाही.

“बाबा?”

“तुझो हात लहान आसा,” ते म्हणाले, आणि त्यांनी पंजा ठेवला.

मला आठवेना की त्यांनी याआधी माझा हात कधी धरला होता. शाळेत सोडायला आई यायची. लग्न मी केलं नाही, त्यामुळे कन्यादानाचाही प्रसंग नाही. छत्तिसाव्या वर्षी माझ्या हातावर बापाचा हात आला, आणि तोही लवादाच्या कामासाठी. सुक्या बोंबलासारखी खरखरीत त्वचा होती. मला रडू येत होतं आणि त्याचा मला संताप येत होता.

पहिला पंधरवडा मी वाईट शिष्य होते. लाट दिसली की माझं डोकं तिची उंची मोजायचं, कोन काढायचं आणि हाताला हुकूम द्यायचं. तोवर ती होडीखालून निघून गेलेली असायची.

“तू लाटेक जाब विचारतंस,” बाबा वैतागून म्हणाले. “ती तुझी नोकर न्हय. गप ऱ्हव. हातान आयक.”

मी गप्प राहिले. हळूहळू माझ्या लक्षात आलं की बाबांचा पंजा लाटेच्या आधी हलतो, पण फार थोडा, नखभर. मग थांबतो. होडीचं नाक उचललं गेलं की उरलेलं वळण देतो, आणि लाट पाठीखालून सरताना तेवढंच परत घेतो. हे मी चारशे लोकांत आकड्यांनी बघितलं होतं. त्याला ‘दुपदरी प्रतिसाद’ असं नावसुद्धा दिलं होतं. पण ते असं का, हे आत्ता कळलं. पहिलं नखभर वळण म्हणजे विचारणं, कशी येतेस बाय? दुसरं म्हणजे, ये. त्यांच्या बापाने त्यांना हेच दिलं होतं, आणि त्याला त्याच्या बापाने. माझ्या यंत्रात ज्याला मी माणूस समजत होते, तो निदान तीन माणसांचा मिळून होता.

सहाव्या आठवड्यात, दुपारच्या भरतीला बांधावरून जाताना, माझ्या हातावरचं ओझं गेलं. वळून बघायची हिंमत झाली नाही. एक लाट गेली, दुसरी गेली. होडी पलीकडच्या शांत पाण्यात उतरली तेव्हा मागून आवाज आला, “हात दिलो तुका.” मग जरा थांबून, “आधीच देवक होयो होतो.”

मी इंजिन बंद केलं आणि हमसून हमसून रडले. बाबा दुसरीकडे बघत उभे राहिले. घरी आई गेल्यापासून खीर कोणी करत नव्हतं. त्या संध्याकाळी सर्वेशने केली. थोडी करपली, पण आम्ही तिघांनी पातेलं चाटूनपुसून संपवलं.

सुनावणीच्या दिवशी चाचणी-होडीवर लवादाचे तिघे सदस्य बसले. कारकुनाने आधीच कठडा धरून ठेवला होता. मी खाडीच्या तोंडातून बाहेर गेले आणि परत आले. पडद्यावर नाव उमटलं: पुंडलिक भिकाजी मेतर. एक्क्याण्णव.

धक्क्यावर सर्वेशने मला उचलूनच घेतलं. मला वाटलं, सुटलो.

सुखटणकरांनी दुपारी निकाल वाचला. सर्वेशवरचा कार्ड वापरू दिल्याचा आरोप रद्द. इथवर मी मान डोलावत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

“बाई, तुम्ही फार मोठी गोष्ट सिद्ध केलीत. हात शिकवला जातो. म्हणजे पुंडलिक मेतरांच्या हाताखाली शिकलेल्या कोणाच्याही मागे उद्या पुंडलिक मेतर स्वतः उभे राहू शकतात आणि यंत्राला फरक कळणार नाही. बरोबर?”

“बरोबर, पण...”

“आज किनाऱ्यावर बंदी आलेले तीनशे बारा तांडेल आहेत. उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी नव्हतो, माझा चेला होता. गुरू आणि चेला वेगळे ओळखायची काही रीत आहे तुमच्याकडे?”

“आज नाही. दोन-तीन वर्षं दिली तर...”

“तोवर समुद्राचं काय करू?” त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, तोच तर त्रास होता. “दोनच वाटा आहेत. एक, दोषांक माणसावर न ठेवता हातावर ठेवायचे. बंदी आलेल्या हाताशी पंच्याऐंशीच्या वर जुळणारा कोणीही सुकाणू धरणार नाही. त्याने नवा हात शिकून यावा, आम्ही वर्ग काढू. दुसरी वाट, हातओळख बंद करायची. यंत्र तुमचं आहे. भरवशाचं नाही असं तुम्ही लिहून द्या, मी आज सही करतो.”

खोलीत पंखा फिरत होता. सर्वेश माझ्याकडे बघत होता. एक वाक्य लिहायचं होतं. बंद करा. मला डोळ्यांपुढे ती घोळ दिसत होती, गेल्या वर्षी धक्क्यावर पहिल्यांदा आली तेव्हा म्हाताऱ्या बायका तिला हात लावून बघत होत्या. यंत्र बंद झालं तर दोन वर्षांत ती पुन्हा गोष्टीतच उरणार, हे मला गणिताने ठाऊक होतं. आणि खरं सांगते, यात थोडा माझा गर्वही होता. आयुष्याची बारा वर्षं मी त्या डबीत घातली होती.

मी काही बोलले नाही.

“तुमच्याच अहवालात एक छान वाक्य आहे,” सुखटणकर लिहिता लिहिता म्हणाले. “माणूस कार्ड बदलू शकतो, हात बदलू शकत नाही.”

त्यांनी पहिली वाट धरली. बंदी आलेल्या हातांच्या यादीत सर्वेश होता, बाबांनी शिकवलेले बंदरातले आणखी दोन तांडेल होते, आणि शेवटी मी. चाचणीमुळे माझीही नोंद झाली होती. मी आयुष्यात एक बांगडासुद्धा पकडलेला नाही, पण माझ्या नावापुढे बारा दोषांक आहेत.

घरी बाबांनी विचारलं, “बंद करा म्हटलंस?”

“नाय.”

ते जाळ्याकडे वळले. एक गाठ मारून झाल्यावर म्हणाले, “घोळ परत इली, ती काय खोटी नाय.” शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सर्वेशने मात्र ताट अर्धवट टाकलं आणि तो उठून गेला.

वर्ग चाळीस दिवसांचा होता, भर पावसाळ्यात, एका मोठ्या खोलीत. खोटी होडी, पडद्यावर खोटा समुद्र. चाक यंत्र फिरवायचं आणि शिकणाऱ्याने त्यावर नुसता हात ठेवायचा. मी एकदा काचेतून बघितलं. माझा भाऊ चाकावर हात ठेवून उभा होता आणि चाक त्याचा हात इकडून तिकडे नेत होतं. त्याच्या चेहऱ्यावर, दवाखान्यात रक्त काढून घेताना असतो, तसा भाव होता. एकेचाळिसाव्या दिवशी त्याची बाबांशी जुळणी बासष्टवर आली. त्याला परवाना मिळाला. मलाही पत्र होतं: वर्ग पूर्ण केल्यास आपले दोषांक पुसले जातील. मी गेले नाही.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली. नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी कोळंबखाडीला गेले. दुपारची वेळ होती, भरती चढत होती, इतर होड्या बाहेर गेल्या होत्या. ‘सातेरी’ धक्क्यालाच होती. सर्वेश धक्क्याच्या कठड्यापाशी बसून बांधावर फुटणाऱ्या लाटा बघत होता. निकालानंतर तो माझ्याशी धड बोलला नव्हता.

“तीन फेरे बांधापर्यंत जाऊन परत इलंय,” तो म्हणाला. “खलाशी माझ्या तोंडाकडे बघतत. ताई, माका लाट कळना नाय गे. पयली हात आपसूक जाय. आता हात माझ्याकडे बघता, सांग म्हणून.”

 बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता, पावसाळ्यापासून. ते कोणाला काही देऊ शकतील असे राहिले नव्हते. बाकीचे दोघेही वर्ग करून आले होते. म्हणजे तो हात जसाच्या तसा आता कोळंबखाडीत फक्त माझ्याकडे होता, आणि मी धक्क्यावर उभी होते. लहानपणी जिथे उभी असायचे, बरोबर तिथेच.

सर्वेशने कठड्यावर आपला हात उपडा ठेवला. दगडावरच, जणू ते चाक आहे.

“ठेव,” तो म्हणाला.

मी शेजारी बसले आणि त्याच्या हातावर माझा पंजा ठेवला. समोर लाट चढत आली. माझा पंजा नखभर हलला, थांबला, आणि ती फुटताना वळला. त्याचा हात मागून आला, उशिरा. दुसऱ्या लाटेला थोडा कमी उशिरा. तिसऱ्या लाटेला माझ्या पंजाखाली काहीतरी जागं झालं, ओळखीचं, आणि तो हात माझ्याआधी, अगदी नखभर, हलला.  सर्वेशने माझ्याकडे बघितलं आणि निकालानंतर पहिल्यांदा तो हसला.

बासष्ट. सहासष्ट. सत्तर. आकडा माझ्या डोक्यात आपोआप चढू लागला. पंच्याऐंशी ओलांडायला अशा चार दुपारी पुरल्या असत्या. मग त्याला लाट कळली असती, आणि बांध ओलांडून बाहेर पडताच चाडीखोराला तो कळला असता.

चौथी लाट येत होती. मी हात उचलला.

आमच्याकडे हात उचलला की ‘हात दिला’ म्हणतात. सर्वेश अजून हसत होता. त्याला वाटलं, मी दिला.